जांभळी बाटली

१

लायल ट्रेगेन्झाचं प्रेत सकाळी माकूळ धरायला आलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी पाहिलं. आधी त्यांना वाटलं, धक्क्याच्या खांबांत सील अडकलंय. काळा रबरी पोशाख, पाठ वर, आणि प्रत्येक लाटेबरोबर डोकं खांबावर हळूच आपटत होतं. मग एकाला पाठीवरची पिवळी हवेची टाकी दिसली. पोर्ट वॅरिलमध्ये पिवळी टाकी एकाच माणसाची. ती मीच भरून देत असे.

धक्क्यासमोरचं दुकान माझं. आमिष, बर्फ, चहा, खिमा-बटाटा भरलेली गरम पास्टी आणि मागच्या खोलीत टाक्या भरायचं यंत्र. लायल शाळामास्तर होता. निवृत्त झाला, लग्न कधी केलं नाही. शनिवार-रविवार पाण्याखाली जायचा आणि बाटल्या घेऊन वर यायचा. शिडाची जहाजं इथून गहू भरून न्यायची तेव्हा खलाशी जे रिकामं करत ते धक्क्यावरून खाली फेकत. आमच्या धक्क्याखाली समुद्री गवतापेक्षा काच जास्त आहे, असं लायल म्हणे.

त्याच्या कमरेच्या जाळीच्या पिशवीत त्या दिवशीही एक बाटली होती. लोणच्याची, रुंद तोंडाची. बुडाला पांढऱ्या समुद्री किड्यांच्या वाळक्या नळ्या चिकटलेल्या. काच फिकट जांभळी, ग्लासभर पाण्यात वाइनचा थेंब पडावा तशी.

डॉक्टर म्हणाले, बुडून मेला. गाव म्हणालं, वय झालं होतं, पाणी थंड, बरोबर कोणी नाही. हवा संपली असेल. सगळे हळहळले आणि घरी गेले.

आमच्या गावातली पोलीस चौकी कधीच बंद झाली आहे. त्यामुळे मोठ्या गावाहून आलेल्या सार्जंट हेस्टर ब्रॅम यांनी माझ्या मागच्या खोलीतल्या टेबलावरच कचेरी थाटली. उंच, हाडकुळी बाई. बोलणं कमी. ती बाटली समोर ठेवून त्या इतका वेळ बघत बसल्या की मी दिलेला चहा निवला.

"मार्नीबाई, धक्क्याच्या टोकाला पाणी किती खोल?" त्यांनी विचारलं.

"दोन पुरुष. भरतीला थोडं जास्त."

"म्हणजे हवा संपली तर माणूस पाय मारून वर येईल."

"लायल तर नक्कीच येईल. या पाण्यात मुरलेला माणूस होता तो."

"टाकी पूर्ण रिकामी आहे. म्हणजे बराच वेळ खाली होता." त्यांनी बाटली उचलून आत बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. कोरडं, स्वच्छ. "मग शंभर वर्षं तळाशी पडलेल्या बाटलीत गाळाचा एक कणही कसा नाही?"

२

सार्जंटबाईंनी मला दुकान सोडू नका म्हणून सांगितलं. पण माझ्या दुकानाच्या आणि मागच्या खोलीच्या मध्ये नुसता पडदा आहे, आणि तो त्यांनी कधी ओढून घेतला नाही. पुढे कळलं, मुद्दामच ओढला नव्हता. गावातली माणसं काय खोटं बोलतात ते ओळखायला गावातलंच कोणीतरी हवं होतं.

पहिली आली आयरिस रॉडा. जुन्या जकात घरातलं छोटं संग्रहालय तीच चालवते. लायलशी तिचं भांडण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं म्हणणं, पाण्यातून निघालेली वस्तू गावाची. ती संग्रहालयात यावी. लायल मात्र सापडलेलं वाटून टाकायचा. कोणाच्या बारशाला शाईची दौत, कोणाच्या लग्नाला जिन दारूची चौकोनी बाटली. गेल्या सभेत आयरिस त्याला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तू गावाचा इतिहास खिरापतीसारखा उधळतोस." तो हसला होता, त्यामुळे ती अधिकच भडकली होती.

त्या दिवशी मात्र तिचे डोळे सुजलेले होते. तिने सांगितलं की मरायच्या आदल्या दिवशी दुपारी लायलने तिला फोन केला होता. लोणच्याची एक बाटली सापडली आहे, तुला दाखवतो, असं म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता.

"मी तुटकपणे म्हटलं, मग आत्ता आण," आयरिस म्हणाली. "तर म्हणाला, 'आज नको. बाटलीचं काही नाही गं, आत जे आहे त्याचं आहे. आधी घरी सांगायला हवं.' आणि फोन ठेवला."

"घरी कोणाला?" सार्जंटबाईंनी विचारलं. "तो तर एकटा राहायचा."

मग सार्जंटबाईंनी तिच्यापुढे ती बाटली सरकवली. आयरिसने ती हातात घेतली, खिडकीकडे धरली, आणि तिचा चेहरा बदलला. तिने विचारलं, ही कुठली?

"लायलच्या पिशवीतली."

"शक्य नाही," आयरिस म्हणाली. "त्याने ही काल-परवा पाण्यातून काढलेली नाही."

कारण सांगायच्या आत दुकानाचं दार आपटलं. क्लाइव्ह मॅन्युएल आत आला होता, आणि पडद्यामागे कोण आहे याची फिकीर न करता ओरडून विचारत होता, लायलच्या घराची किल्ली कोणाकडे आहे.

३

क्लाइव्ह बाटल्यांचा व्यापारी. शहरातल्या हौशी लोकांना विकतो. लायलकडे काही बाटल्या अशा होत्या की त्यांच्यासाठी क्लाइव्ह त्याच्या दारात कुत्र्यासारखा बसे. सोड्याच्या, अंड्यासारख्या गोल बुडाच्या बाटल्या, ज्या उभ्या राहतच नाहीत, आडव्याच ठेवायच्या, म्हणजे बूच ओलं राहतं. लायल त्या विकत नव्हता.

सार्जंटबाईंनी त्याला बसवलं. क्लाइव्हने बेधडक सांगितलं की मेलेल्या माणसाच्या घरात घुसायचा त्याचा विचार होता. नातेवाईक अडाणीपणाने सगळं कचऱ्यात टाकतील. लायल बुडाला तेव्हा तो कुठे होता, याचं त्याला धड उत्तर देता येईना. गाडीत झोपलो होतो, म्हणाला. बायकोने घराबाहेर काढलं होतं, हे मी सार्जंटबाईंना नंतर सांगितलं.

पण बाटली हातात येताच त्याचा उर्मटपणा गळून पडला. त्याने तिच्या अंगावरून नख फिरवलं. दोन्ही बाजूंनी साच्याची शिवण वर येते आणि गळ्याखाली थांबते. ओठ हाताने जोडलेला आहे. म्हणजे यंत्र येण्याआधीची, पहिल्या महायुद्धापूर्वीची.

"आणि रंग?" सार्जंटबाई म्हणाल्या.

आयरिस अजून तिथेच होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"रंग सूर्याचा आहे," क्लाइव्ह म्हणाला. त्याने समजावून सांगितलं. त्या काळी काच पांढरी, म्हणजे बिनरंगी, व्हावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की हळूहळू जांभळी होते. समुद्राच्या तळाशी, गाळात, गवताखाली ऊन कुठलं? तिथून काढलेली बाटली पाण्यासारखी पांढरीच निघते.

"पण बुडाला किडे आहेत," सार्जंटबाई म्हणाल्या.

"आहेत ना. वाळून दगड झालेले. ही बाटली एकदा समुद्रातून निघाली, फार वर्षांपूर्वी. मग कोणीतरी धुतली आणि उन्हात ठेवली. आणि आता परत पाण्यात गेली."

मेलेल्या माणसाच्या पिशवीत ती बाटली दुसऱ्या कोणीतरी ठेवली होती, एवढं माझ्यासारखीलाही कळलं.

सार्जंटबाईंनी टेबलाच्या खणातून एक कागदी पुडी काढली. जाळीच्या पिशवीच्या शिवणीत सापडलेले दगडाचे दोन तुकडे त्यात होते. काळे, पातळ, शाळेच्या पाटीसारखे. आमचा सगळा किनारा चुनखडीचा आहे, पांढरा.

"असा दगड इथे कुठे मिळतो?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. रिकामी जहाजं येताना पोटात वजनाला पाटीचा दगड भरून आणत, आणि गहू भरण्याआधी तो भूशिराच्या पलीकडे खोल पाण्यात टाकून देत. त्या जागेला आम्ही ढीग म्हणतो. तिथे कोणी गळ टाकत नाही. दगडांत अडकून तुटतो.

लायल ढिगावर बुडी मारून मेला होता. आणि कोणीतरी त्याला धक्क्याखाली आणून ठेवलं होतं.

४

रॉस पेनहेल लायलचा मेहुणा. लायलची धाकटी बहीण जीन त्याची बायको होती. चार वर्षांपूर्वी ती रॉसला सोडून गेली. पेटी भरली, शहराची बस धरली आणि गेली, असं रॉसने सांगितलं होतं. नंतर पत्र नाही, फोन नाही. लायल शहरात जाऊन गल्लोगल्ली शोधून आला. गाव जीनबद्दल जे बोलायचं ते बोललं. रॉसची मात्र सगळ्यांना दया यायची. तिच्या जाण्यानंतर तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. समुद्रात नाव काढायची, मासे आणायचे, घरी जायचं. लायल दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जाई.

सार्जंटबाईंनी त्याला बोलावलं तेव्हा तो टोपी काढून दारातच उभा राहिला. मी त्याला पास्टी दिली, त्याने ती तशीच हातात धरून ठेवली. त्याने सांगितलं की लायलशी आदल्या संध्याकाळी फोनवर बोलणं झालं, उद्या धक्क्याखाली जाणार म्हणाला होता. तो स्वतः त्या वेळी नाव घेऊन व्हायटिंग मासे धरायला गेला होता. एकटाच.

सार्जंटबाईंनी त्यालाही बाटली दाखवली. त्याने तिच्याकडे जेमतेम पाहिलं.

"मला बाटल्यांतलं काही कळत नाही, बाई. लायलकडे अशा शेकड्यांनी आहेत. धक्क्याखालचीच असणार."

"तुम्ही पण बुडी मारता ना?"

"नांगर अडकला तर. कधी कालवं काढायला. बाटल्यांसाठी नाही."

तो गेल्यावर सार्जंटबाई बराच वेळ बाटली हातात फिरवत राहिल्या. मग मला हाक मारली. त्यांनी बाटली माझ्या डोळ्यांसमोर उन्हात धरली आणि गळ्याभोवती बोट फिरवलं. सगळी काच जांभळी, पण गळ्याला बोटभर रुंदीचा एक पट्टा जवळजवळ पांढरा राहिला होता.

"इथे ऊन पोचलं नाही," त्या म्हणाल्या. "इथे काहीतरी गुंडाळलेलं होतं. वर्षानुवर्षं. दोरी, नाहीतर फीत."

मला एक स्वयंपाकघर आठवलं, आणि उकळत्या जॅमचा वास.

५

ती फीत लाल होती. जीन आणि मी दर वर्षी तिच्या घरी जर्दाळूचा जॅम करत असू. खिडकीत अशीच लोणच्याची एक बाटली असायची, गळ्याला लाल लोकरी फीत, आत वॉटलची पिवळी फुलं. लायलने तिच्या लग्नात दिली होती. तेव्हा ती पांढरी होती. रंग कधी बदलला ते माझ्या लक्षात आलं नाही. रोज बघणाऱ्याच्या तर मुळीच येत नाही.

सार्जंटबाईंनी मग मला सगळं उलगडून सांगितलं. मला वाटतं, त्या स्वतःलाच समजावत होत्या.

लायलला ढिगावर लोणच्याची बाटली मिळाली आणि तिच्यात काहीतरी होतं. ते त्याने घरच्या माणसाला आधी सांगायचं ठरवलं. त्याला घरचं माणूस एकच होतं. त्या माणसाला लायलने हेही सांगितलं असणार की आयरिस बाटलीची वाट बघते आहे. म्हणून लायल मेल्यावर लोणच्याची एक बाटली सापडणं भाग होतं. ती सापडली नसती तर आयरिसने शोध घ्यायला लावला असता. आणि खरी ठेवली असती तर तिच्यातल्या काळ्या दगडाच्या चुऱ्याने ढिगाचा पत्ता दिला असता.

"आयरिसने किंवा क्लाइव्हने पिशवीत बाटली ठेवायची असती तर जांभळी कधीच ठेवली नसती," त्या म्हणाल्या. "ज्याला रंग दिसतच नाही, त्यानेच ती ठेवली. त्याच्या लेखी ती लायलने समुद्रातून आणलेली बाटली होती. आणि तसं पाहिलं तर खरंच होती."

"पण प्रेत धक्क्याखाली का आणलं?" मी विचारलं. "ढिगावर ठेवलं असतं तरी लायल बुडालाच होता."

"प्रेत जिथे सापडतं तिथे पोलिसांचे पाणबुडे उतरतात, मार्नीबाई."

ढिगावर काय असेल, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाल्या, तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल, ते स्वयंपाकघर तुम्ही पाहिलेलं आहे.

६

रॉस मासे साफ करत होता. हात पुसत त्याने दार उघडलं. सार्जंटबाईंबरोबर आलेला शिपाई फाटकाशी थांबला. आम्हाला बघून रॉसला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. चहा टाकू का, असं त्याने विचारलं.

स्वयंपाकघर जीनच्या वेळचंच होतं, फक्त कोणी हात न लावल्यासारखं. उत्तरेकडची खिडकी. आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, सूर्य उत्तरेनेच जातो, त्यामुळे दिवसभर तिथे ऊन. खिडकीच्या फळीला जीनने कधीकाळी गडद हिरवा रंग दिला होता. उन्हाने तो विटून राखाडी झाला होता. फक्त एका जागी, कोपऱ्याजवळ, गडद हिरवं वर्तुळ उरलं होतं. जणू रंग कालच दिला.

सार्जंटबाईंनी पिशवीतून बाटली काढली आणि त्या वर्तुळावर ठेवली. बूड आणि वर्तुळ तंतोतंत जुळलं.

रॉस बघत राहिला. किटली शिट्टी वाजवायला लागली तरी त्याने ती उतरवली नाही. शेवटी मीच गॅस बंद केला.

"ती पांढरी होती," तो म्हणाला.

"हो," सार्जंटबाई म्हणाल्या. "लायलच्या बाटलीत काय होतं?"

त्याने कपाटातलं साखरेचं भांडं काढलं आणि त्यात बोटं घातली. ओपलची अंगठी होती. ट्रेगेन्झांच्या आईची, मग जीनची. साखरेचे कण झटकून त्याने ती टेबलावर ठेवली. ऑक्टोपस बाटलीत घर करतो आणि चकाकणारं जे दिसेल ते आत ओढून घेतो, हे आमच्याकडे पोरंसुद्धा जाणतात. लायलने बाटली उचलली, त्यातून शिंपल्यांबरोबर ही बाहेर पडली.

रॉसने बाकीचं एका दमात सांगितलं, खाली मान घालून. जीन खरंच जाणार होती. पेटी भरलेली होती. त्याने ढकललं, ती चुलीच्या कोपऱ्यावर पडली. त्याने तिला नावेत घातलं आणि ढिगावर सोडलं, कारण तिथे कोणी गळ टाकत नाही.

"लायलला तुमचा संशय आला होता?" सार्जंटबाईंनी विचारलं.

रॉसने पहिल्यांदा मान वर केली. त्याने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं, मार्नी. तो माझ्यापाशी रडायला आला होता. त्याला वाटलं, तिने स्वतःच जीव दिला. इथे बसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, 'रॉस, आता तिची वाट बघू नकोस. उद्या पोलिसांना सांगू. ते तिला वर काढतील, आपण तिला नीट पुरू.'"

"मग?"

"मग मला साखळी आठवली. मी तिला साखळी बांधली होती. माझ्याच नावेची. मी म्हटलं, आधी मला जागा दाखव. खाली गेल्यावर मागून त्याच्या तोंडातली हवेची नळी ओढली; टाकी नंतर रिकामी केली. तो फार झगडला नाही. मला वाटतं, शेवटपर्यंत त्याला समजलंच नाही की हे मी करतोय."

खिडकीतून ऊन येत होतं. सार्जंटबाईंनी शिपायाला हाक मारली. रॉसने जाताना टोपी घेतली नाही.

७

पोलिसांचे पाणबुडे ढिगावर उतरले आणि दुसऱ्याच खेपेला त्यांना जीन सापडली. वर काय आलं ते मी इथे सांगणार नाही. साखळीही आली.

बहीण-भावाला एकाच दिवशी पुरलं. गाव सगळं चर्चमध्ये होतं. ज्यांनी चार वर्षं जीनला नावं ठेवली ते पुढच्या बाकांवर बसले होते, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. क्लाइव्ह मागे उभा होता, धुतलेला शर्ट घालून. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं आणि एवढ्यात दार वाजलं.

रॉसची आई आली होती. म्हातारी एडना पेनहेल. काठी टेकत गावाबाहेरून चालत आली होती. तिला गाडीत घेणारं त्या सकाळी कोणी निघालं नव्हतं. काळा कोट, काळी हॅट. सून तिची, आणि लायल तिच्याही रविवारच्या जेवणाच्या टेबलावरचा माणूस. आणि तुरुंगात असलेला मुलगाही तिचाच. ती मधल्या वाटेवर उभी राहिली. दोन्ही शवपेट्यांकडे बघत होती. बाकांवर जागा होती, पण कोणी हललं नाही. तिच्यामागे दार उघडंच होतं, वारा आत येत होता, आणि म्हातारी परत फिरायच्या बेतात होती.

आयरिस पहिल्या बाकावर बसली होती, घरच्यांच्या जागेवर, कारण लायलला घरचं कोणी उरलंच नव्हतं. तिने वळून बघितलं. मग मांडीवरची पर्स उचलली आणि सरकून जागा केली.

"या, एडनामावशी," ती म्हणाली. "इथे बसा."

म्हातारी चालत पुढे गेली. तिच्या काठीचा आवाज शेवटपर्यंत ऐकू येत होता.